उघड्या फाट्यावरचा ठिपका

३ जून
रुजू झाले! प्रयोगशाळा झकास आहे, मॅडम कडक पण हुशार आहेत आणि मला खिडकीजवळचं टेबल मिळालंय. दादाला फोन केला तर तो हसतच सुटला. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणाऱ्या भागूबाईला उंदरांच्या भीतीवर काम मिळालं म्हणे! चिडव बाबा. सहा महिने नीट काम झालं तर नोकरी कायम होणार, आणि मला ती हवीच आहे.

५ जून
काम तसं सोपं आहे. अधिकच्या चिन्हासारखी एक उंच फळी. तिच्या दोन फाट्यांना भिंती आहेत, दोन उघडे. साधा उंदीर भिंतींच्या आडोशाला चिकटून बसतो. ज्यांचं भीतीचं जनुक बंद केलंय, ते मात्र उघड्यावर खुशाल हिंडतात. आपण उंदीर सोडायचा, खोलीचं दार लावायचं आणि बाहेर बसून पडद्यावर बघायचं. संगणक उंदरावर लाल ठिपका ठेवतो आणि तो जाईल तिथे नेतो. मज्जा येते बघायला.

११ जून
वैताग नुसता! संगणक दोन ठिपके दाखवतोय. एक उंदरावर आणि दुसरा उघड्या फाट्याच्या टोकाला, जिथे काहीही नाही. मॅडम म्हणाल्या, दिव्याची चमक असेल, पुसून घे. पुसलं. दिवा बदलला, कॅमेरा बदलला. ठिपका आपला ढिम्म. नाकी नऊ आणलेत मेल्याने.

१४ जून
जनुक बंद असलेला उंदीर सरळ त्या ठिपक्यापाशी जातो आणि ओळखीच्या माणसाजवळ बसावं तसा बसतो. साधे तिकडे फिरकतही नाहीत. तिथे बसलेला एकही उंदीर जगलेला नाही. सकाळी पिंजऱ्यात मेलेला असतो, अंगावर ओरखडासुद्धा नाही. मॅडमनी सगळं खापर माझ्यावर फोडलं. मी घाबरत घाबरत हाताळते, म्हणून मरतात म्हणे. मग साधे कसे जगतात, असं विचारलं तर म्हणाल्या, उलट उत्तरं नकोत. इतका संताप आला! बाथरूममध्ये जाऊन रडले.

१८ जून
ठिपका हलला. फळीवरून खाली, जमिनीवर. दाराच्या दिशेने.
उंदीर सोडायला आत जायचं जिवावर येतं. साधे उंदीर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एकावर एक— मलाही तसंच बसावंसं वाटतं. मॅडमना सांगितलं. जमत नसेल तर राजीनामा दे, म्हणाल्या. नाही देणार! पण मी आत जाणार नाही.

२० जून, दुपार
मॅडम स्वतःच आत गेल्यात. आत काही नाही, हे मला पटवायला. मी पडद्यासमोर.
एक ठिपका मॅडमवर. दुसरा—
सरळ त्याच्यापाशी गेल्या. खाली बसल्या, मांडी घालून. हसतायत. मॅडम कधी हसत नाहीत.

हाका मारतायत. बाळ म्हणून. नोकरी कायम केली म्हणतायत, आत ये—
पळायला हवं. मघाशी पाय लटपटत होते. आता नाही. छातीत धडधड नाही. काहीच नाही. किती हलकं—
उठलेय मी. कडीवर हात—
घाबर ना गं. घाबर. घाब—