कुसुमच्या उशाची भिंत

उंद्री, १४ ऑगस्ट १९६२
पाऊस थांबत नाही. कुसुमच्या उशाची भिंत पुन्हा काळी. गेल्याच आठवड्यात शेणमातीने सारवली होती. दाबली तर पाणी येतं. पलीकडे भाऊजींची न्हाणी. वाटणी झाल्यापासून त्यांचं आंघोळीचं पाणी आमच्या भिंतीत मुरतं. लेक कुसुम बाळंतपणाला आली ती याच खोलीत. वारा नको म्हणून खिडकीला गोणपाट ठोकलेलं, खाटेखाली शेगडी. खोली उबते, भिंतीला घाम सुटतो.

१९ ऑगस्ट
बाळ दूध ओढता ओढता थांबतं. छाती आत जाते, शिट्टीसारखा आवाज. कुसुम खोकून खोकून ओकली. "माय, इथं दम पुरत नाही मले." मी परत सारवलं. काळं झाकलं गेलं. वास मात्र आणखी ओला.

२३ ऑगस्ट
चिखलीचे डॉक्टर येऊन गेले. कु.ची छाती तपासली, मग भिंतीला नाक लावलं. ही बुरशी श्वासातून आत जाते, दोघांना आजच ओसरीवर हलवा, सारवण बंद करा म्हणाले. ते गेल्यावर हे म्हणाले, "सव्वा महिना बाळंतीण हालत नसते. त्या डॉक्टर पोराले काय समजते?" मी गोणपाट ओढून काढलं. ह्यांनी माझा हात मुरगळला आणि ते परत ठोकलं. मनगट सुजलंय, म्हणून अक्षर असं.

३० ऑगस्ट, पोळा
बैलांच्या शिंगांना रंग लावायचाच राहिला. हे न्हाणी बंद कर म्हणून सांगायला गेले. भाऊजी म्हणाले, "न्हाणी माह्या जागेत हाय. तुले ओल लागते तं तू सरक." ह्यांनी न्हाणीचा दगड उपटला. भाऊजींनी लोखंडी सब्बल मारली. ह्यांचं कपाळ फुटलं. नवा सदरा भिजला. पोळ्याला जमलेल्या लोकांनीच सोडवलं.

३१ ऑगस्ट
डोक्याला टाके. हे ओसरीवर, कोरड्या अंथरुणात. त्यांना हवा लागावी म्हणून दार उघडं. कु. आत. मी मधल्या उंबऱ्यावर बसून राहिले. मनात आलं, ती सब्बल आणखी जरा…
नको.

२ सप्टेंबर
बाळाचे ओठ निळे पडले. पाठ चोळली, चोळली, तेव्हा रडलं. कु.ला उठवून दोघांना ओसरीवर आणलं. हे म्हणाले, "आत ने." मी कुदळ घेतली.
पहिल्याच घावाला भिंतीत रुतली. आमच्याच सारवणाचे पोपडे, एकावर एक, प्रत्येकाच्या पाठीला काळं. ह्यांनी मागून केस धरून ओढलं. मी कुदळ उगारून वळले. त्यांनी केस सोडले. माझं तोंड कसं दिसलं असेल कोण जाणे; कु. माझ्याकडे बघेना.
भगदाड पडलं. पलीकडे शांता, माझी जाऊ. वाटणीपासून बोलणं नाही. वाटलं, आता शिव्या घालेल. पदर तोंडाला लावून खोकत होती.
"पाडा बाई," म्हणाली. "माह्या इकून बी काळीच हाय."

५ सप्टेंबर
शिट्टी कमी आहे, गेलेली नाही. कु. आज बसून जेवली. अजून माझ्याशी हळू आवाजात बोलते.
दोघे भाऊ एकमेकांवर तक्रार द्यायला वेगवेगळ्या गाड्यांनी चिखलीला गेले. एका गोष्टीवर दोघांचं एकमत: भिंत होती तिथेच उभी करायची. उद्या माती येणार.
शांताने भगदाडातून विचारलं, कुदळ कुठं हाय. म्हटलं, माझ्या अंथरुणाखाली.
"राहू द्या," म्हणाली. "सब्बल माह्या कणगीत हाय."