प्लेगात परत आलेल्या सवाऱ्या

अप्पा, काल स्टेशनाबाहेर उभा होतो. तुमचा टांग्यांचा अड्डा होता तिथं आता रिक्षा लागतात. सवारी पळवण्यावरून दोघांची जुंपली होती, तशीच जशी तुमची आणि मोटारीच्या क्लीनरची जुंपायची. फरक एवढाच, की तो क्लीनर तुमचाच मुलगा होता.

तुम्ही घोडी विकायची ठरवली होती, तेव्हाची गोष्ट. झरी-जिंतूर रस्त्याला मोटार सुरू झाल्यापासून टांग्यात कुणी बसेना. मी मोटारीच्या दारात उभा राहून ओरडायचो, लोक माझ्याकडं धावायचे. घरी जेवायला बसलो की तुम्ही आईला म्हणायचा, "लेकाला वाढ चांगलं. दमलाय बापाचं गिऱ्हाईक वढून." घोडी कुठल्या बाजारात न्यायची तेही ठरलं, आणि गावात उंदीर पडायला लागले.

प्लेग म्हटल्यावर लोक माळावर झोपड्या घालून राहिले. मोटार आधी अर्धी रिकामी जाऊ लागली. अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून बसायला कोण तयार होतंय? नाक्यावर डॉक्टर सगळ्यांना उतरवून काखेतल्या गाठी बघायचा, त्या धास्तीनं बायामाणसं तर फिरकेनातच. कितीक जण नाक्याच्या अलीकडं उतरायचे आणि शेतातून वळसा घालून पलीकडं पुन्हा मोटारीला हात करायचे. मग मोटार बंदच झाली, आणि मी टांग्यावर तुमच्या शेजारी येऊन बसलो. घोडीच्या कपाळाला भस्म लावता लावता तुम्ही म्हणालात, "मोटारीनं नेलेल्या सवाऱ्या उंदरानं परत आणल्या बघ."

तुमचा नियम एकच. एका खेपेला एकच घर, आणि गादी उन्हात टाकल्याशिवाय दुसरी खेप नाही. मी म्हणायचो, "अप्पा, अजून दोघं मावतेत की." "मावतेत. पन यांचा आजार त्यांच्या घरी मी न्हेणार न्हाई." तरी दिवसभर खेपा असायच्या. घोडी पुन्हा अंगानं भरली, बाजाराचं नाव निघेना. एकदा अड्ड्यावरचा पानवाला हसत म्हणाला, "अप्पा, तुमाला प्लेग मानवला की!" त्याच सकाळी आपण एका बाईला झरीला सोडून आलो होतो. येताना ती नवऱ्यासोबत आली होती, परत जाताना एकटी. तुम्ही म्हणालात, "मानवला बाबा," आणि पान न घेताच निघालात.

हळूहळू उंदीर पडायचे थांबले. मोटार सुरू होणार अशी आवई रोज उठायची. एका सकाळी झरीचे नवरा-बायको आणि त्यांची म्हातारी टांग्यापाशी आले. नवरा घुटमळला. "आज मोटार निघणार म्हनायलेत. थांबावं का?" तुम्हाला तेव्हा कमी ऐकू यायला लागलं होतं. लांबचं काही ऐकायचं झालं, की तुम्ही माझ्या तोंडाकडं बघायचा. तसंच बघितलंत. "काय रे, येतंय का काही ऐकू?"

येत होतं. पलीकडच्या शेडमधून इंजिनाची घरघर येत होती. सुरू होताना ते आधी खोकायचं, तो खोकला मी झोपेतही ओळखला असता.

"न्हाई अप्पा," मी म्हणालो, "वारं सुटलंय."

सवाऱ्या बसल्या, आपण निघालो. वस्ती मागं पडते न पडते तोच मागून भोंगा वाजला. मोटार धुरळा उडवत शेजारून गेली, ठासून भरलेली. टांग्यातली म्हातारी मान वळवून बघतच राहिली. तुम्ही लगाम सैल सोडलात. मग घोडीच्या कानाकडं बघत म्हणालात, "वाऱ्याला भोंगा कदीपासून लागला रे?" आणि जरा वेळानं, "उद्यापास्नं तू आपला मोटारीवर जा."

पुढच्या बाजारात घोडी गेली. परत येताना तुम्ही आमच्याच मोटारीत बसलात, पुढच्या बाकावर, लगाम मांडीवर घेऊन. दार मीच लावलं. 

आता माझ्या स्वतःच्या मोटारी आहेत, धंदा तुमचा नातू बघतो. हा कागद कुठं पाठवायचा नाही, घडी करून कोटाच्या खिशात ठेवीन. घरात कुणाला सांगितलेलं नाही ते मात्र तुम्हाला सांगतो. लांबचं आता मलाही ऐकू येत नाही. स्टँडवर बसलो की विचारतो, "गाडी आली का रे?" आणि उत्तर यायच्या आत तुमच्या नातवाच्या तोंडाकडं बघतो. तोंडावरूनच सगळं कळतं हो, अप्पा. त्या सकाळी तुम्हालाही कळलंच असणार, आणि तरी तुम्ही टांगा हाकलात.