तारापूरच्या लाइफबोटीची व्यवस्था

मी इंदुबाई नवशा तामोरे, वय अंदाजे छप्पन्न, धंदा मासळीविक्री, राहणार तारापूर, तालुका पालघर, जिल्हा ठाणे. परवा मुंबईस पोटाच्या ऑपरेशनला जात आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणाची जबरदस्ती नाही. माघारी आले नाही, तर पुढीलप्रमाणे व्हावे.

१. राहते घर व मासळी वाळवायचा ओटा मुलगी सुलू हिचा. जावई भला आहे, पण त्याच्या भावांचा मला भरवसा नाही. सबब नाव एकट्या सुलूचेच लागावे.

२. फुटलेल्या आगबोटीची लाइफबोट सासऱ्यांनी लिलावात घेतली, ती कागदोपत्री माझी आहे. ती गावाला देते. विकू नये, मासेमारीस नेऊ नये. मोडून पडली होती, ती गेल्या काही वर्षांत लोकवर्गणीतून दुरुस्त होऊन पुन्हा उभी राहिली. बोईसरच्या बाजारात आम्ही बायकांनी एकेक टोपली तिच्यासाठी विकली. उमरोळीकरांनी लाकूड दिले. वीजकेंद्राच्या बांधकामावरील सुतार नागोराव यांना लाट पाहूनच भोवळ येते, तरी ते दर रविवारी फुकट राबले.

३. हे सुलूलाही ठाऊक नाही. आठ वर्षांमागे वादळात माझ्या यजमानांची होडी खाडीच्या तोंडाशी उलटली. तासभर ते तिला धरून होते. किनाऱ्यावरून दिसत होते. लाइफबोट माडाच्या झापांखालून ओढली, तर तळाच्या दोन फळ्या नव्हत्या. माझ्यादेखत यजमान बुडाले. पुढे त्या फळ्या मी दीर कृष्णकांत यांच्या पडवीच्या दाराला पाहिल्या. त्यांच्याच घरून आमची चूल पेटत होती, म्हणून गप्प राहिले. त्यांची वर्गणी मात्र दोनदा परत पाठवली.

काल त्यांना बोलावून हे कलम ऐकवले.

ते म्हणाले, "वयनी, दार कुजलं होतं. ती लाइफबोट कोण वापरतंय, असं वाटलं. गावाम्होरं वाचू नको."

"वाचणार. खडक तुमच्याइतके कोणाला ठावं नाय, म्हणून लाइफबोटीचं सुकाणू तुमच्या हाती पायजे. पण आधी साक्षीची सही करा."

ते उठून गेले. सही झाली नाही, तर सुकाणू त्यांना देऊ नये.

४. हे मृत्युपत्र किनाऱ्यावर सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावे.

तारापूर, १७ नोव्हेंबर १९६७

इंदुबाई नवशा तामोरे, डाव्या अंगठ्याचा ठसा

लिहिणार व साक्षीदार : नागोराव, सुतार

साक्षीदार : कृष्णकांत तामोरे. आज सकाळी स्वतः येऊन सही करतो. कलम तीन खरे आहे. फळ्या मात्र दोन नव्हत्या, तीन होत्या.