साहेबांना पासवर्ड विचारायचा नसतो

सोमवार, २२ नोव्हेंबर १९९९
घ्या! कंपनीच्या नव्या कॉम्प्युटर सिस्टिमसाठी जावामध्ये खपून लिहिलेलं माझं लॉगिन आज सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी राडा.

कोंडविलकर साहेब, आमच्या रंगाच्या कारखान्याचे मॅनेजर, स्टोअरमध्ये आले नि तिथल्या क्लार्कच्या, नंदाच्या कॉम्प्युटरवर बसले. एका बोटाने नाव टाइप केलं. स्क्रीनने पासवर्ड मागितला. साहेबांनी पुन्हा नावच टाकलं. नंदा सरळ पोरगी, म्हणाली, "साहेब, पासवर्ड टाकल्याशिवाय आत नाही सोडत." मागे उभा असलेला एक सुपरवायझर फिसकन हसला. साहेबांचे कान लाल.

मंगळवार, २३
नंदाची बदली! गुजरातच्या प्लँटला, एक तारखेपासून. मंजुरी माझ्याच सिस्टिमवर, साहेबांच्या नावाने. पासवर्ड स्टेनोने टाकून दिला म्हणे.

कळव्याला तिची आई अंथरुणाला खिळलेली, करणारं दुसरं कोणी नाही. म्हणजे नोकरीच सोडायची. डबा उघडला नाही तिने. "तुझं मशीन सांगत होतं तेच मी सांगितलं गं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुधवार, २४
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "उत्तरा, मला गेटवर वॉचमन अडवत नाही. तुझं मशीन कोण लागून गेलं?"

म्हटलं, सर, तुमचं नाव काय, कोणीही टाकेल.

"माझं नाव टाकायची कुणाची छाती आहे?"

जागेवर जाऊन जावात एक ओळ वाढवली – नाव साहेबांचं असेल तर पासवर्ड बघूच नकोस, सरळ आत सोड. यासाठी इंजिनिअरिंग केलं मी. मशीनला सलाम ठोकायला शिकवलं! साहेब खूश, चहा पाजला.

शुक्रवार, २६
केलं.

जेवणाच्या सुट्टीत स्टोअर रिकामं होतं. साहेबांचं नाव टाकलं. मशीनने काहीही न विचारता आत घेतलं. नंदाची बदली रद्द केली. पकडले गेले तर घरी बसायचं.

सोमवार, २९
सकाळी स्टेनोने नंदाला सांगितलं, बदली रद्द झाली. ही रडत जाऊन सगळ्यांसमोर साहेबांच्या पाया पडली! साहेबांना काही कळेना. मग माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. पण त्यांनी 'मी नाही केली' म्हणावं, तर त्यांच्या नावाने भलतंच कोणी आत शिरलं हे कबूल करावं लागणार. घसा खाकरून म्हणाले, "मीच केली रद्द. माणुसकी म्हणून काही असते की नाही?"

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात माझ्या.

मंगळवार, ३०
साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं. "मलाही पासवर्ड लाव. बाहेर बोलायचं नाही, स्टेनोलासुद्धा."

कोणता ठेवू, विचारलं.

"तूच ठरव. माझ्या काही लक्षात राहायचा नाही. रोज सकाळी येऊन टाकून देत जा."