हंडेवाल्यांची सातवी

बोरवस्ती, करमाड
१२ फेब्रुवारी २०१३

तीर्थरूप फकिराकाकांस,
अपेक्षाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसतं हं हं करते म्हणून पत्र लिहायला सांगितलंत, तर घ्या. जूनपासून मला चिकलठाण्याला नेऊन सार्थकच्या शाळेत घालायचं तुमचं नि बाबांचं ठरलंय. पण इथं आमच्या सातवीत भलतंच सुरू झालंय.

विहीर आटली. टँकर रिकामा करायला वस्तीत धड टाकी एकच, शाळेची. पोरं पाण्यामागं फिरायची नि वर्ग ओस पडायचा. म्हणून कडुबा गुरुजींनी नियम काढला, की जे पोर दिवसभर वर्गात बसेल त्याच्याच घरी हंडा जाईल. ज्यांच्या घरी पोरच नाही त्यांनी गोंधळ घातला. गुरुजी वैतागून म्हणाले, मग तुम्हीच येऊन बसा. दुसऱ्या दिवशी सगळे हंड्यांसकट येऊन बसले!

आपल्या घरून मी आहेच, तरी दुसऱ्या हंड्यासाठी आजीही येते. माझ्याच बाकावर बसते नि हजेरीला पदर सावरून उभी राहते. हंड्यांमधून फळ्यापर्यंत जाताना गुरुजींना उड्या माराव्या लागतात.

काकूंना नमस्कार. माया असू द्या.
तुमची अपेक्षा

चिकलठाणा
३ मार्च २०१३

चि. अपेक्षास काकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतका हसलो, की शेजारचे बघायला आले. शाळा बुडवली म्हणून जिनं मला शेवग्याच्या शेंगेनं झोडपलं, ती माझी आई आता सातवीत! तिचा गृहपाठ तू करून देत नाहीस ना?

सार्थकची शाळा बघशील तर थक्क होशील. काचेची इमारत, पोहण्याचा तलाव. यंदा तलावात पाणी नाही, पण तास वेळापत्रकात आहे, म्हणून पोरं टोपी-चष्मा लावून कोरड्या फरशीवर पालथी पडून हात मारतात. शर्यतीत आमच्या सार्थकचा दुसरा नंबर आला. कोपरं सोलली, पण प्रमाणपत्र मिळालं. पहिला का नाही आलास विचारलं, तर म्हणे पहिल्याचं पोट गुळगुळीत आहे.

थट्टा पुरे. इथं इंग्रजी आहे, पुढची वाट आहे. त्या शाळेत असं काय आहे, की तुला तिथंच ठेवावं? सरळ लिही. पटलं तर ऐकेन.

आईची काळजी घे, माझी आठवण ठेव.
तुझा काका

बोरवस्ती
१० एप्रिल २०१३

तीर्थरूप काकांस, शि. सा. न. वि. वि.

सरळ लिहिते. आधी गुरुजी सांगायचे, आम्ही उतरवून घ्यायचो, परीक्षेत तेच परत लिहायचो. मला वाटायचं शाळा म्हणजे एवढंच. मग जलचक्राचा धडा आला. समुद्राची वाफ होते, ढग होतात, पाऊस पडतो. आजी उठली नि म्हणाली, हे लई चांगलं, पण आमच्या वाटणीचा ढग कुठं अडलाय ते सांगा. गुरुजींनी हसण्यावारी नेलं, पण आजी खाली बसेना. तिला गप्प करायची त्यांची छाती नाही, लहानपणी तिनं त्यांना आपल्या बांधावर बोरं चोरताना पकडलंय. शेवटी ते म्हणाले, मलाही ठाऊक नाही, शोधून येतो. असं म्हणणारे गुरुजी मी पहिल्यांदा बघितले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना कोरड्या नाल्यावर नेलं, आणि पाणी कुठं मुरतं नि कुठं उपसलं जातं यावर दुपारपर्यंत भांडण झालं. मीही भांडले. काका, मला शाळा आवडायला लागली.

शाळा सुधारायची तर काचा कशाला? प्रत्येक वर्गात एक न घाबरणारी आजी बसवा.

पण कारखान्यांसाठी आलेल्या पाइपलाइनवरून वस्तीला नळ मिळणार आहेत. मग पाण्यासाठी कोण येईल? वर्ग पुन्हा मुका होईल. मला नळाची भीती वाटते. आईला सांगू नका, मारेल.

सार्थकच्या कोपरांना हळद लावा.
तुमची अपेक्षा

बोरवस्ती
४ मे २०१३

तीर्थरूप काकांस, शि. सा. न. वि. वि.

नळ आले. दुष्काळामुळं सुट्टीतही शाळा भरते, पण सोमवारी वर्गात आम्ही पोरंच होतो. गुरुजी म्हणाले, वह्या काढा, उतरवून घ्या. मला रडू आलं.

तेवढ्यात दारात आजी. डोक्यावर हंडा, तोही भरलेला! घरच्या नळावर भरून आणला होता. बाकाखाली ठेवून ती दिवसभर बसली नि संध्याकाळी तोच हंडा घरी घेऊन गेली. गुरुजींनी विचारलं, हंडा कशाला? आजी म्हणाली, या वयात नुसतीच शाळेत निघाले तर लोक हसतील, पाण्याला चालले म्हटलं की कुणी काही विचारत नाय. आता वस्तीतल्या केसरबाई नि बाकीचेही भरलेले हंडे घेऊन यायला लागलेत. गुरुजींच्या उड्या पुन्हा सुरू.

न्यायचंच असेल तर आजीलाही न्यावं लागेल. तुमचा तलाव रिकामाच आहे, हंडे मावतील.

रागावू नका.
तुमची अपेक्षा

चिकलठाणा
११ मे २०१३

चि. अपेक्षास आशीर्वाद.

आठवीलाही तू तिथंच राहा. बाबांशी मी बोललोय.

सार्थक हट्ट धरून बसलाय, त्याला सुट्टीभर तुमच्या सातवीत बसायचंय. पुढच्या रविवारी घेऊन येतो. त्याच्या मापाचा हंडा आणलाय. इथून भरून आणू की तिथं भरायचा, तेवढं माझ्या आईला विचारून कळव.

तुम्हा दोघी विद्यार्थिनींचा,
फकिरा