वॉल्टरकाकांची दोरी आणि माझा भोंगा

क्लाइनफेल्ड,
मंगळवार, १७ मार्च १९८७

तीर्थस्वरूप हेडाकाकू, आर्नोचा साष्टांग नमस्कार, तोही दीडशे मैलांवरून. (जवळून घातला असता, पण ट्रूडीने तुला रविवारीच फोन केला असणार आणि तुझ्या हाताशी हल्ली काठी असते.)

नवा खुबा कसा आहे? डॉक्टरांनी पोलादाचा बसवला म्हणे. तो आमच्या टेनिस कोर्टापासून जरा लांबच ठेव, का ते पुढे येईल. समुद्राच्या हवेने भूक लागते असं ऐकतो, म्हणून तुझ्या सूनबाईने, मेल्वाने, जर्दाळूच्या मुरंब्याच्या दोन बाटल्या पाठवल्या आहेत. (एक अर्धी दिसेल. टपालखात्याला दोष देऊ नकोस, मीच.) आमच्याकडे सगळे खुशाल. मेल्वा शनिवारपासून माझ्याशी बोलत नाही, दुकानात कोणी बोलत नाही, आणि पास्टर लेमान रस्त्यात भेटले की माझ्यासाठी प्रार्थना करतात, तीही मोठ्याने.

ट्रूडीने सांगितलं असेल की आर्नोच्या यंत्राने फायनल घालवली आणि बावीस वर्षांनी दारात आलेली ढाल मिल्सएंडवाले घेऊन गेले. तपशील सोडला तर खरं आहे. पण तपशील सोडणं हा ट्रूडीचा धर्म आणि धरून बसणं हा माझा, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

याच्या मुळाशी वर्ना शिर्मर आहे. आपल्याकडे शनिवारच्या सामन्यांना पंच कुठला असायला! ज्याच्या बाजूला चेंडू पडला त्याने इमानाने आत की बाहेर ते सांगायचं, हा बापजाद्यांपासूनचा रिवाज. वर्नाचं इमान चेंडूपेक्षा वेगवान. समोरच्याने रॅकेट उचलली की ही ‘बाहेर!’ म्हणून मोकळी. अकरा वर्षांपूर्वी तिने माझा असा एक चेंडू बाहेर दिला की त्याखालचा पांढरा रंग उडालेला मी पाहिला, मेल्वाने पाहिला आणि निलगिरीवरच्या पोपटांनीही पाहिला. मी म्हटलं, “वर्ना, डोळे उघड.” ती म्हणाली, “तू तुझे रेडिओ दुरुस्त कर आर्नो, तेसुद्धा कुठे जमतंय तुला!” त्या दिवशी चहाच्या वेळी, तिच्याच हातचा लॅमिंग्टन केक खाता खाता, मी ठरवलं की रेषेवर काय पडलं हे सांगणारं यंत्र मी करणार. (लॅमिंग्टन मात्र उत्तम होता. रागाच्या भरात दोन खाल्ले.)

पहिला प्रयोग मायक्रोफोनचा. रेषेजवळ तो पुरायचा आणि चेंडूचा आवाज ऐकायचा. त्याला चेंडू सोडून सगळं ऐकू आलं, त्यात चहाच्या टेबलाशी माझ्याबद्दल चाललेलं बोलणंही. मग दुसरी युक्ती: चेंडूत लोखंडाचा कीस भरायचा, जमिनीखाली तारा पुरायच्या, आणि लोखंड रेषेबाहेर पडलं की तारेला कळून भोंगा वाजायचा. भोंगा द्राक्षं वाहणाऱ्या जुन्या ट्रकचा घेतला, कारण वर्नाला एकदा तरी तिच्यापेक्षा मोठा आवाज ऐकवायचा होता. पहिले चेंडू मी गुरांच्या इंजेक्शनच्या सुईने भरले. ते उसळेनात, बटाट्यासारखे पडल्या जागी बसून राहत. मग कीस रबरात कालवायचा म्हणून मेल्वाचा केकचा मिक्सर वापरला. चार महिने आमच्या घरच्या केकमध्ये थोडं थोडं लोखंड होतं. त्याने मेल्वाचा अशक्तपणा गेला, पण श्रेय मला कोणी दिलं नाही. शिवाय भोंगा पास्टरांच्या बुटांच्या खिळ्यांना वाजे, चहाच्या गाड्याला वाजे, आणि वर्नाच्या कंबरेला आत जे काही पोलादी बांधलेलं असतं त्यालाही वाजे. हे दोष एकेक करून काढता काढता वर्षं गेली. पण शेवटी चेंडू कुठला आणि पास्टर कुठला हे माझ्या यंत्राला बिनचूक कळू लागलं.

गेल्या हिवाळ्यात क्लबने कोर्टावर नवं डांबर घातलं तेव्हा त्याखाली मी तारा पुरून घेतल्या. नियमाच्या पुस्तकाप्रमाणे, पोलादी टेपने मोजून, जाळीपासून दोन्हीकडे एकोणचाळीस फूट. डांबरावरच्या रेषा मात्र केल्विन नॉस्केने आखल्या, आपल्या वॉल्टरकाकांच्या दोरीने. काकांनी एकोणपन्नास साली गाठी मारलेली ती दोरी अजून बिस्किटांच्या डब्यात, चषकांच्या कपाटात असते, आणि रेषा तिनेच आखाव्यात असा समितीच्या वहीत ठराव आहे. मी केल्विनला टेप देऊ केला, तर मी प्रार्थनेच्या मधे सिगारेट पुढे केल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. क्लबची वीज शेडमध्ये आणि शेड दक्षिणेला, म्हणून माझ्या सगळ्या चाचण्या दक्षिण टोकाला झाल्या. उत्तरेकडची केबल यायला फायनलचा आठवडा उजाडला. दक्षिणेला चारशे चेंडूंत एक चूक नाही! तेव्हा मी शहरातल्या टेनिस संघटनेच्या हार्टिगनसाहेबांना बोलावलं. ते म्हणाले, फायनलला चाललं तर पुढच्या हंगामात आम्ही शहरात बसवू. काकू, या एका वाक्यासाठी मी अकरा वर्षं थांबलो होतो. ऐकून शेडमध्ये जाऊन रडलो. (मेल्वाला कांदा झोंबला असं सांगितलं. शेडमध्ये कांदे नसतात, असं ती म्हणाली.)

शनिवारी अख्खं गाव होतं. दोन्ही कप्तानांनी कागदावर सही केली की भोंग्याचा शब्द शेवटचा: वाजला तर बाहेर, गप्प राहिला तर आत. शेवटचा सामना आपल्या वर्नाचा. (वय एक्कावन्न. तिचं काहीही आवडत नसलं तरी तिचं टेनिस मला मान्य करावं लागतं.) समोर मिल्सएंडची एक एकोणीस वर्षांची धिप्पाड पोरगी. वर्नाला जिंकायला एकच गुण हवा होता, आणि ती होती उत्तर टोकाला. पोरीने लांब चेंडू मारला. तो रेषेपलीकडे तीन बोटं पडला, हे मी पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं. वर्नाने तो सोडून दिला, रॅकेट हवेत फेकली, बायका चहाबरोबरचे स्कोन-पाव टाकून कोर्टात धावल्या, पास्टरांनी मला मिठी मारली. भोंगा गप्प.

हार्टिगनसाहेबांनी हळूच विचारलं, “वाजला नाही ना?” मिल्सएंडचा कप्तान म्हातारा ग्रिगसन कागद काढून उभा. वर्ना ओरडली, “आर्नो, तुझ्या त्या डबड्याला लाथ घाल!” मी लाथही घातली. नाही वाजला. कागदाप्रमाणे चेंडू आत, गुण पोरीचा, आणि मग चिडलेली वर्ना पुढचे सगळे गुण हरली. ढाल मिल्सएंडच्या गाडीत गेली. अकरा वर्षांपूर्वी हिला खोटं पाडायचं म्हणून निघालो होतो आणि ती आयुष्यात पहिल्यांदा खरी असताना मी तिला पाडलं. मला फार वाईट वाटलं, अगदी वर्नाबद्दलसुद्धा.

काल सोमवारी क्लबच्या हॉलमध्ये सभा झाली. ग्रिगसन माणूस सरळ. तो म्हणाला, “यंत्र बिघडलं होतं असं आर्नोने आपल्या तोंडाने सांगावं, आम्ही सामना परत खेळतो.” हार्टिगनसाहेब पहिल्या रांगेत, मांडीवर करारनामा. मी उठलो आणि सांगितलं, यंत्रच चुकलं, तार सरकली असणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर्ना म्हणाली, “चला, एकदा तरी खरं बोललास.” साहेबांनी करारनामा बॅगेत घातला, जर्मन केकचा तिसरा तुकडा संपवला आणि ‘पत्र पाठवतो’ म्हणाले, म्हणजे काय ते तुला कळतंच. सामना आता २८ तारखेला पुन्हा आहे. यंत्राचा नाद मी कायमचा सोडला आहे. भोंगा कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवला, तिथे निदान त्याला कोणी काही विचारत नाही. तरी काळजी नसावी.

तुझा आज्ञाधारक (जमेल तितका) पुतण्या,
आर्नो

ता.क. वरचं सगळं खरं आहे, यंत्र चुकलं एवढं सोडून. रविवारी सगळे चर्चमध्ये असताना मी टेप घेऊन कोर्टावर गेलो. उत्तरेकडची रेष जाळीपासून एकोणचाळीस फुटांवर हवी. ती साडेचार इंच अलीकडे आहे. दोरीची गाठ चुकलेली आहे, काकू. चेंडू रंगाच्या बाहेर होता आणि तरीही आत होता. सभेत हे बोललो असतो तर यंत्र वाचलं असतं, पण काका दुसऱ्यांदा गेले असते. माझ्याने बोलवेना. (फार कौतुक करू नकोस. समोर चाळीस माणसं होती आणि अर्ध्यांच्या हातात केकच्या सुऱ्या.)

ता.क. २. खरं काम असं आहे. समितीला चार ओळी लिही, की वॉल्टरची आठवण म्हणून ती दोरी मला हवी. तुला नाही म्हणायची इथे कोणाची छाती नाही. दोरी गेली की केल्विनला टेप धरावाच लागेल, रेष जागेवर जाईल, आणि यंत्र आपोआप ‘दुरुस्त’ होईल. हार्टिगनसाहेबांना मी २८ला पुन्हा या म्हणून तार केली आहे. काकांच्या नावाला धक्का नाही. पत्र शुक्रवारच्या आत यावं, आणि थोडं रडत लिही.

ता.क. ३. दोरी हातात आली की तू गाठी तपासणार, तेव्हा हेही आधीच सांगतो. आज केल्विनला दोन बिअर पाजून विचारलं. उत्तरेकडची गाठ चुकलेली नाही, सोडून पुन्हा मारलेली आहे, त्रेपन्न साली. दोरीचं दुसरं टोक केल्विननेच धरलं होतं. त्या बाजूला तेव्हा तारेचं कुंपण रेषेला खेटून होतं, आणि लांब चेंडूंमागे उलटी पळत जाऊन त्या मोसमात तू दोनदा पाठ सोलून घेतली होतीस. काका केल्विनला म्हणाले, “ती काही पळायची थांबणार नाही. रेषच आत घेऊ या, आणि तू तोंड बंद ठेव.” चौतीस वर्षं अख्खा जिल्हा तुझ्या पाठीसाठी साडेचार इंच आखूड खेळतो आहे, काकू. आता तूच सांग, दोरी मागतेस की राहू देतेस? राहू दे म्हणालीस तर यंत्र चुकलं ते चुकलंच.