एका घराला दहा अंश

७ ऑगस्ट १९४४, लातूर.
पुढच्या महिन्यात शाळा तपासायला साहेब येणार. गणिताच्या वर्गात भिंतीवर आलेख हवा. निजामाच्या अख्ख्या मुलखात दुसरा सापडू नये, असा काढणार. विषय मात्र सुचत नाही.

८ ऑगस्ट.
बायकोला, चंद्रप्रभेला, ताप. विषय घरातच मिळाला. शाळेच्या कपाटातून थर्मामीटर आणलं.

१० ऑगस्ट.
आधी स्तंभालेख काढला. सगळे स्तंभ सारखेच दिसले आणि लाल पेन्सिल संपली. ताप सतत असतो, म्हणून रेषालेखच योग्य. हिला हे नीट समजावून सांगितलं. ती पाणी मागत होती. नंतर दिलं.

११ ऑगस्ट, सकाळ.
आता स्केल. लोक पंच्याण्णव अंशांपासून सुरुवात करतात. निव्वळ लबाडी. मी शून्यापासून करणार. एक घर म्हणजे दहा अंश. कागद पुरून उरतो.

१५ ऑगस्ट.
शंभर, एकशे एक, दोन, तीन. रेघ तरी सरळ. म्हणजे ताप स्थिर आहे.
हिचा भाऊ रेणुकादास औशाहून आला. "दाजी, अक्का बरळायलीय. डॉक्टरला बोलवा," म्हणाला. त्याला आलेख दाखवला. शेतीत राहून माणसाला आलेख वाचता येत नाही.

१७ ऑगस्ट.
मला न विचारता त्याने डॉक्टर आणला. डॉक्टरांनी माझा कागद उभा धरला, आडवा धरला. एक घर किती अंशांचं, विचारलं. सांगितलं. त्यांनी कागद खाली ठेवला. मग म्हणाले, मुदतीचा ताप आहे, रोज चढत होता, आठवडा वाया घालवलात.
हिला दवाखान्यात हलवलं. तिथला तक्ता पंच्याण्णवपासून सुरू होतो. डॉक्टरांनी माझेच आकडे त्यावर मांडले. रेघ जिन्यासारखी वर गेली. मी बघत उभा राहिलो. काहीच वाटलं नाही. घरी येऊन भात केला, कच्चा राहिला, तसाच खाल्ला.

२५ ऑगस्ट.
वाचेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. त्यांचा तक्ता भडक आहे, एवढं माझं मत कायम. रोज दवाखान्यात जायचं ठरवलंय. आज तपासणीची तयारी होती, गेलो नाही. कालही होती.

४ सप्टेंबर.
साहेब खूश. उर्दूत म्हणाले, किती सुबक, रेघ अगदी सरळ. मी आदाब केला. ताप कोणाचा, हे त्यांनी विचारलं नाही.

१५ सप्टेंबर.
हिचा ताप उतरला. उद्या घरी आणायची. रात्री बसून दवाखान्याच्या आकड्यांवरून नवा आलेख काढतोय, पंच्याण्णवपासून. हिला आवडेल.

१६ सप्टेंबर.
दवाखान्याच्या दारात रेणुकादास बोचकं बांधून उभा होता. ही औशाला निघालेली. किती दिवस, ते कोणी बोललं नाही. मी नवा आलेख पुढे केला, ताप कसा झरझर उतरला ते दाखवलं. हिने पाहिलं. म्हणाली, "तुमच्या कागदावर मला ताप चढलाच न्हाई. मग उतरंल कसा?"
मी कागदाची गुंडाळी केली. दोघं मोटारीत बसले.

संध्याकाळ.
घरात कोणी नाही. सकाळपासून आत काही हलत नाही, म्हणून थर्मामीटर स्वतःला लावून पाहिलं. अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. मला काहीही झालेलं नाही.